फरशीखालचे काम

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात एका धर्मगुरूने शौचालयाविषयी लिहावे, हे काही वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. हा विषय जेवताना तर नाहीच, पण चारचौघांतही काढू नये, असे आपल्या घराघरांतून शिकवले जाते. प्रभू येशूने मात्र तो वर्ज्य मानला नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, शिष्य हात न धुता जेवले यावरून वाद निघाला, तेव्हा प्रभूने सांगितले की बाहेरून माणसाच्या आत जाणारे अन्न त्याला विटाळवीत नाही; ते पोटात जाते आणि तेथून शौचकूपात. विटाळ निघतो तो अंतःकरणातून. नीतीच्या मुळाशी जाणाऱ्या या शिकवणीत प्रभूने शौचकूपाचे उदाहरण घेतले, त्या अर्थी आम्हीही संकोच सोडण्यास हरकत नसावी.

प्रश्न असा आहे: जे काम पूर्ण होताच झाकले जाते, आणि झाकण्यापूर्वीही ज्याची पारख आपल्याला करता येत नाही, त्या कामाचे मोल आपण कसे ठरवावे? ते करणाऱ्याचे आपण काय देणे लागतो आणि तो आपले काय देणे लागतो? हा प्रश्न आम्ही ग्रंथातून उचललेला नाही. तो आमच्या चर्चच्या आवारात, फरशी फोडल्यावर आमच्यापुढे आला.

आमच्या चर्चमागे जुने शौचालय होते. उकिडवे बसण्याचे भांडे, पत्र्याचे दार, कोपऱ्यात बादली. रविवारच्या मिस्साला येणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्याचा वापर करीत नसत, कारण गुडघे वाकत नसत. एका म्हातारीने एकदा आम्हांस सहज सांगितले, "फादर, मी मिस्साला यायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही." ती हे तक्रार म्हणून बोलली नव्हती. पण प्रभूभोजनाला येण्यासाठी एखाद्या वृद्धेला तहान मारावी लागावी, हे आम्हांस लागले. पॅरिश कौन्सिलच्या पुढच्याच बैठकीत कमोड बसविण्याचा ठराव झाला.

काम कोणाला द्यावे यावर मात्र दोन मते पडली. एका सभासदाचे म्हणणे होते की परवानाधारक, अनुभवी प्लंबर बोलवावा. दुसरा म्हणाला, एका भांड्यासाठी एवढा थाट कशाला? त्याच्या ओळखीचा एक होतकरू तरुण निम्म्या पैशांत करून देईल. आम्ही दुसऱ्या बाजूने कौल दिला. चर्चचा पैसा हा भाविकांच्या घामाचा पैसा, तो जपून वापरला पाहिजे, असे आम्ही म्हणालो, आणि ते खोटेही नव्हते. तो तरुण आला. त्याने कागदावर अंदाजपत्रक लिहून दिले. आम्ही त्याच्याशी घासाघीस केली. दीड दिवसात काम झाले. पांढरेशुभ्र भांडे पाहून सर्वांना समाधान वाटले आणि आम्हांस आपल्या काटकसरीचे थोडे कौतुकही वाटले.

तीन महिन्यांनी दुर्गंधी सुरू झाली. फिनेल ओतले, उदबत्त्या लावल्या. पाचव्या महिन्यात सॅक्रिस्टीच्या भिंतीला ओल आली. जेथे आम्ही मिस्साची वस्त्रे ठेवतो त्या कपाटामागे ती ओल होती. तेव्हा, ज्याला पहिल्याप्रथम बोलवायला हवे होते त्या प्लंबरला बोलवावे लागले.

वाचकांस येथे थोडी कारागिरीची माहिती द्यावी लागेल, कारण तिच्यावाचून नीतीचा मुद्दा कळणार नाही. कमोडचे सारे मर्म त्याच्या वळणात असते. भांड्याखालची वाट सरळ खाली न जाता वळसा घेते आणि त्या वळशात पाणी साठून राहते. हे साधारण दोन इंच पाणी म्हणजे घर आणि गटार यांमधले दार होय. मैला त्यातून पलीकडे जातो, पण पलीकडचा वायू अलीकडे येत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये या वळणाचे पेटंट घेतले. आज घराघरांत असलेल्या भांड्यांत तीच युक्ती आहे. मात्र हे दोन इंच पाणी टिकायचे तर हवेची नळी, म्हणजे व्हेंट पाईप, हवी. ती नसेल तर जोराने खाली जाणारे पाणी आपल्यामागे हवा ओढते आणि त्या ओढीने वळशातले पाणीही निघून जाते. दार उघडे पडते. पुढच्या पाईपला ढाळ हवा, चार इंची पाईपला चाळीस फुटांस एक फूट या हिशेबाने. ढाळ कमी पडला तर मैला वाटेत बसतो. आणि भांडे जेथे पाईपला मिळते तो सांधा पाण्याला न सोडणारा हवा. या तिन्हींपैकी एकही गोष्ट काम संपल्यावर डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते फक्त भांडे.

फरशी फोडली तेव्हा आत काय निघाले? सांध्यात कापडाची चिंधी कोंबून वर पांढरे सिमेंट लिंपलेले. पाईप जवळजवळ सपाट. हवेची नळी नाही. तपासणीचे चेंबर नाही. नवा पाईप थेट जुन्या पाईपात खुपसलेला. आमचा संताप अनावर झाला. देवाच्या घरात फसवणूक! आम्ही त्या तरुणाविषयी कौन्सिलपुढे कठोर शब्द बोललो. धर्मग्रामातील दोन कुटुंबे घर बांधीत होती, त्यांनाही त्याला काम न देण्याविषयी सांगितले.

नवा प्लंबर साठीच्या घरातला होता, बोलणे मोजके. त्याने पहिल्या दिवशी काहीच बसविले नाही. काचेसारख्या पारदर्शक नळीत पाणी भरून त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळी घेतली, भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या, ओळंबा सोडून हवेच्या नळीची रेषा आखली. ओळंबा पाहून आमच्या मनात सेमिनरीतले लॅटिन जागे झाले. शिशाला लॅटिनमध्ये प्लुंबुम म्हणतात. रोमन काळी पाण्याचे नळ शिशाचे असत, म्हणून नळकाम करणारा तो प्लंबर; आणि दोरीला शिसे बांधून भिंतीचा सरळपणा पाहणाऱ्या ओळंब्याचे इंग्रजी नावही त्याच शब्दातून आले. आमोस संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात, परमेश्वर हाती ओळंबा घेऊन भिंतीजवळ उभा असल्याचा दृष्टान्त आहे. आजवर त्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले होते. त्या दिवशी प्रथमच वाटले की भिंत कोणाची, हे विचारायला आपण विसरलो.

दुसऱ्या दिवशी पाईप बसले. त्याने खालचे तोंड बंद करून सर्व पाईप पाण्याने भरले, पाण्याच्या पातळीशी खूण केली आणि म्हणाला, "आता रात्रभर राहू द्या." सकाळी पातळी जागच्या जागी होती. गवंडी फरशी टाकायला उभा होता, त्याला थांबवून त्याने आम्हांस बोलावले. "फादर, झाकण्यापूर्वी एकदा बघून घ्या." आम्ही म्हणालो, "आम्हांला त्यातले काय कळते?" तो म्हणाला, "कळत नसलं तरी बघा. मी दाखवलं, एवढं तरी राहील."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये खरेदीविक्रीतील न्यायाची चर्चा करताना असे म्हटले आहे की वस्तूतील दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर विक्रेत्याने तो बोलून दाखविलाच पाहिजे असे नाही. गिऱ्हाइकाला डोळे आहेत. पण दोष लपलेला असेल आणि त्यापायी घेणाऱ्याची हानी किंवा त्याला धोका होणार असेल, तर तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य होय. न सांगता केलेला व्यवहार अन्यायाचा. फरशीखालचे काम हे सर्वस्वी या दुसऱ्या प्रकारचे. तेथे गिऱ्हाइकाला डोळे नसतात. तेथे आपण कारागिराचे हात विकत घेतो असे वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर विसंबतो, आणि ती विकत मिळत नाही. जो कारागीर झाकण्यापूर्वी दाखवितो, तो आपला दोष लपविण्याची संधी स्वतःहून सोडून देतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या बंधूला सांगून ठेवले की मठातली सारी अवजारे व भांडी त्याने वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत. त्या माणसाची पाणपातळीची नळी आम्हांस तशी भासली.

येथवर लेख संपला असता तर तो सोपा झाला असता: चांगला कारागीर, वाईट कारागीर, आणि मध्ये फसलेला बिचारा धर्मगुरू. परंतु नव्या कामाची बिले फाईलला लावताना पहिल्या तरुणाचे अंदाजपत्रक आमच्या हाती आले. त्यात आठ ओळी होत्या. पाचवी ओळ हवेच्या नळीची. सहावी ओळ चेंबरची. या दोन्ही ओळींवर निळ्या शाईची आडवी रेघ होती आणि समासात वजा रुपये चार हजार दोनशे असे लिहिले होते. अक्षर आमचे होते.

मग सारे आठवले. तो म्हणाला होता, "फादर, पाईप वर न्यावा लागतो, नाहीतर वास येईल." आणि आम्ही, ज्याला यातले काही कळत नव्हते, हसून म्हणालो होतो, "अरे, एवढ्याशा कामाला कसला पाईप वर नेतोस? देवाचे काम आहे, थोडे तूही सोड." त्याने मान खाली घालून होकार दिला होता. देवाच्या नावाने आम्ही त्याला गप्प केले होते. लपलेला दोष त्याने केला खरा, पण त्यातला अर्धा आम्ही आपल्या लेखणीने केला होता आणि आपल्यापासूनच लपविला होता.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली. मालक आणि मजूर यांचा करार दोघांच्या संमतीने झाला, एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही. संमतीहून जुना आणि श्रेष्ठ असा नैसर्गिक न्याय आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट वेळ येईल या भीतीने मजुराने कठोर अट मान्य केली, तर ती मान्यता नव्हे, बळजबरी होय. आज पोप चौदावे लिओ यांनी २०२५ साली तेच नाव धारण करताना याच परिपत्रकाचे स्मरण केले. आम्ही स्वतः 'रेरुम नोव्हारुम'वर युवकांची शिबिरे घेतली आहेत. पण ती कारखानदारांसाठी आहे, अशी आमची समजूत होती. आपल्या हातातले निळे पेन तिच्या कक्षेत येते, हे सुचले नव्हते.

यावर वाचक म्हणतील, मग काटकसर हा सद्गुण नाही काय? अव्वाच्या सव्वा मागणारे प्लंबर नाहीत काय? आहेत. महागडे काम म्हणजे प्रामाणिक काम, असेही नाही. आणि ज्या कुटुंबाची मिळकत बेताची आहे त्याने दर विचारू नये, असे आम्ही कसे म्हणू? पण काटकसर आणि पिळवणूक यांतला भेद ओळखणे अवघड नाही. काटकसर स्वतःच्या गरजेवर रेघ मारते: साधे भांडे घ्या, रंगीत फरशी नको, चमकदार नळ नको. पिळवणूक दुसऱ्याच्या कामावर रेघ मारते: काम तेच हवे, पैसे कमी. पहिलीत आपण काहीतरी सोडतो. दुसरीत कारागिराला सोडायला लावतो, आणि तो बिचारा सोडणार काय? जे दिसते ते त्याला सोडता येत नाही. म्हणून तो फरशीखालचे सोडतो. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला अप्रामाणिक काम मिळते ते बहुधा योगायोगाने नव्हे.

एवढ्याने त्या तरुणाच्या चिंधीचे समर्थन होत नाही. पैसे अपुरे होते तर त्याने काम नाकारायला हवे होते, किंवा निदान झाकण्यापूर्वी सांगायला हवे होते. चिंधीची जबाबदारी त्याची. हवेच्या नळीची आमची. पापनिवेदनाला गुडघे टेकताना प्रत्येकाने आपापलेच सांगायचे असते. आम्ही आमचे सांगितले, आणि आमच्या पापनिवेदकाने, जे आमच्याहून बरेच वृद्ध धर्मगुरू आहेत, एवढेच विचारले: "त्या दोन कुटुंबांना सांगितलेस का?" परतफेडीवाचून पश्चात्ताप पुरा होत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे इतरांना सांगत आलो आहोत. आम्ही त्या दोन्ही घरी गेलो आणि कागद दाखविला. एका घराने नंतर त्या तरुणाला काम दिले, दुसऱ्याने दिले नाही. आम्ही त्यालाही भेटलो. तो म्हणाला, "चिंधी नको होती लावायला, फादर." आम्ही म्हणालो, "रेघ नको होती मारायला." पुढे दोघांनाही बोलणे सुचले नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, जरी ती सांगताना लाज वाटते. दुसऱ्या प्लंबरला पहिल्या दिवशी चहा आला तो ओसरीबाहेर, कान तुटलेल्या कपात. स्वयंपाकघरातून तो तसाच यायचा, ही आमच्या घराची जुनी वहिवाट. सुताराला, गवंड्याला चहा आत येत असे. गटारात हात घालणाऱ्याला बाहेर. कोणी तसा नियम केला नव्हता, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. ख्रिस्ती झालो म्हणून कपबशीचा भेद मागे राहिला, असे मानणे भोळेपणाचे आहे. तो आपल्यासोबत चर्चमध्ये आला आणि स्वयंपाकघरात बसून राहिला. बाहेरून येते ते माणसाला विटाळवीत नाही, हे शुभवर्तमान त्याच घरात रोज उघडले जाई. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघे, प्लंबर, गवंडी आणि आम्ही, जेवणाच्या टेबलाशी चहा प्यालो. त्यात आमचा मोठेपणा नाही. उशीर मात्र आहे.

त्या टेबलाशीच त्याने विचारले, "टाकी कुठे आहे?" सेप्टिक टँकचे झाकण सापडेना. काही वर्षांपूर्वी आवारात फरश्या घातल्या तेव्हा ते त्यांखाली गाडले गेले होते. ते शोधून मोकळे केल्याशिवाय आपण काम पुरे करणार नाही, असे तो म्हणाला. "गाडीचा पाईप इथवर आला पाहिजे. माणूस खाली उतरता कामा नये." टाकीत साठणारा वायू क्षणात माणसाची शुद्ध हरपवितो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही, हे आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतो. हाताने मैला काढण्यास १९९३ साली कायद्याने बंदी झाली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात व टाकीत माणूस उतरविण्यासही बंदी केली. गटारातील मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ माणसे अजून उतरत आहेत. या महाराष्ट्रात आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपवास आरंभिला होता आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना साथ दिली होती. एका सुशिक्षित ब्राह्मणाने जे काम मागून घेतले, त्या कामाला आम्ही तुटका कप ठेवला होता.

टाकीत कोण उतरणार हे त्या प्लंबरला ठाऊक नव्हते. तो माणूस त्याला कधी भेटणारही नव्हता. आमच्या पैशांत त्याचा हिशेब नव्हता. तरीही त्याने त्याच्यासाठी झाकण मोकळे केले. शेजारी कोण, या प्रश्नावर प्रभूने दिलेला दाखला आपण सर्वांना पाठ आहे. त्या दाखल्यातला शोमरोनी वाटेत पडलेला माणूस पाहून थांबला. हा माणूस अजून न पडलेल्यासाठी थांबला.

प्रिय वाचकहो, आपल्या घरी असे काम निघेल तेव्हा चार गोष्टी करा, अशी आमची विनंती आहे. काम जाणणाऱ्याला बोलवा आणि तो काय सांगतो ते आधी ऐका. पैसे कमी असतील तर आपल्या हौशीवर रेघ मारा, त्याच्या कामावर नको. झाकण्यापूर्वी पाहून घ्या, कळत नसले तरी. आणि काम संपले त्याच संध्याकाळी मोबदला द्या; मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी आज्ञा अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहेच. चहा आतल्या कपात द्या, हे वेगळे सांगायला नको.

मिस्साच्या दिवशी पाणी न पिणारी ती म्हातारी आता चर्चच्या पहिल्या बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसते. प्रवचन लांबले की घोट घेते. भांड्याखालच्या वळशातले दोन इंच पाणी जागच्या जागी आहे. ते अंदाजपत्रक आम्ही फाडले नाही; ते आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, निळ्या रेघांसह.